काकू पॅडल मारत नाहीत!

पुणे ते सावंतवाडी आम्ही दोघांनी एकाच सायकलवरून केलं. डिसेंबरात, बारा दिवसांत. भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, महाबळेश्वर, तापोळा, सातारा, कऱ्हाड, मलकापूर, कोल्हापूर, राधानगरी, गारगोटी, आजरा, आंबोली. नकाशावर बोट फिरवलंत तर लक्षात येईल की सरळ रस्ता सोडून आम्ही सह्याद्री एकदा उतरलो, परत चढलो आणि शेवटी पुन्हा उतरलो. सायकल टँडेम. दोन सीटं, पॅडलच्या दोन जोड्या. तो पुढे, मी मागे.

घरी आल्यावर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यावर अडलो. त्याचं वाक्य होतं, ‘एकूण अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास.’ माझं होतं, ‘बारा दिवस मी एका पाठीकडे बघत होते.’ दोन्ही खरी आहेत, पण एकापुढे एक बसेनात. मग ठरलं की दोघांनी बोलायचं आणि टाइप मी करायचं. थोडक्यात, या लेखात हँडल माझ्याकडे आहे. तो शेजारी खुर्ची ओढून बसलाय आणि दर दोन मिनिटांनी स्क्रीनमध्ये डोकावतोय.

तो : आधी लोकांना ही सायकल चालते कशी ते सांग. नाहीतर तुझी तक्रार त्यांना खरीच वाटायची.

मी : ते तूच सांग.

तो : हँडल पुढच्याकडे. दोन्ही ब्रेक पुढच्याकडे, गिअर पुढच्याकडे. मागच्यालाही हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला. डाव्या बाजूला एक चेन पुढची पॅडल मागच्या पॅडलला जोडते. तिला टायमिंग चेन म्हणतात. तिच्यामुळे दोघांचे पाय एकाच वेगानं फिरतात, एकानं थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. उजवीकडची चेन मागच्या चाकाला जाते. पुढच्याला म्हणतात कॅप्टन आणि मागच्याला स्टोकर.

मी : स्टोकर म्हणजे वाफेच्या इंजिनात फावड्यानं कोळसा टाकणारा. हे त्यानं मला सायकल घेतल्यावर आठ महिन्यांनी सांगितलं.

तो : तू विचारलं नाहीस. आणि वजनही लिही. आपण दोघं मिळून १३२ किलो, सायकल २१, सामान १८. एकशे एकाहत्तर किलो. चढावर ही सायकल साध्या सायकलीपेक्षा मंद असते आणि उतारावर झपाट्यानं पळते, कारण वजन दुप्पट झालं तरी वारा अडवायला दोन माणसं पुढेमागे असतात. मागच्याला वारा लागतच नाही.

मी : बरोबर. मागच्याला वारा लागत नाही. हे वाक्य मी ठळक अक्षरांत छापणार आहे.

तो : ही टँडेम घेतली कुणाच्या आग्रहानं, ते लिहिणार आहेस का?

लिहिते. माझ्या. आधी आमच्या दोन सायकली होत्या. दिवे घाट चढून सासवडला जायचं म्हटलं की तो वर जाऊन थांबायचा, उसाचा रस प्यायचा, घाम पुसायचा. मी पोचले की हेल्मेट चढवत म्हणायचा, ‘आलीस? चल.’ त्याची विश्रांती संपायची तेव्हा माझी सुरू व्हायला हवी असायची. असं दहा-बारा वर्षं चाललं. त्याचं म्हणणं, मी तुझ्यासाठी थांबत होतो. माझं म्हणणं, तू तुझ्यासाठी थांबत होतास, मी फक्त तुझी विश्रांती संपल्याची घंटा होते.

तो : टँडेमवर दोघं एकदम पोचतात. हे तर मान्य कर.

मी : मान्य. म्हणूनच घेतली. पण एकदम पोचणं आणि बरोबर जाणं यांत फरक पडतो, हे मला वरंध्यात कळलं.

तो : वरंधा घाटाबद्दल मी बोलतो. भोरपासून नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता बेतानं चढत जातो. वाघजाईच्या देवळापाशी भजी खाल्ली, चहा घेतला, आणि मग समोर सगळं कोकणच खाली. तिथून माझेरी, वरंध, बिरवाडी असा उतार. वळणावर वळण, मधे उखडलेलं डांबर, समोरून एसटी. एकशे एकाहत्तर किलो दोन बोटांवर तोललेले. मी त्या उतारावर काय पाहिलं सांगू? पुढचं वीस फूट डांबर. बस. तू म्हणतेस मागच्याला काही दिसत नाही. दरी तू पाहिलीस, कावळ्या किल्ला तू पाहिलास, ती माकडं तू मोजलीस. मी अख्खा घाट उतरलो आणि घाट पाहिलाच नाही.

मी : तू थांबायला हवं होतंस.

तो : थांबलो की! ब्रेकच्या तबकड्या तापल्या म्हणून थांबलो.

मी : तबकड्या तापल्या म्हणून. मी दोनदा म्हणाले, थांब, तेव्हा नाही. तबकडीवर बाटलीतलं पाणी सांडलं तर चर्र करून वाफ निघाली. तू म्हणालास, बघ, थांबलो ते बरं झालं. मला वाटलं, या सायकलवर तबकडीचं ऐकतात.

तो : हे अन्यायाचं आहे. घाटात लोकशाही चालत नाही. एका सायकलला दोन डोकी असली तर ती दरीत जाते. कुणीतरी एकानंच ठरवायचं असतं, आणि ज्याला रस्ता दिसतो त्यानं ठरवायचं. त्यात मानापमान कसला?

हा त्याचा मूळ मुद्दा आहे, आणि तो कच्चा नाही. मागे बसणाऱ्याला खरोखर समोरचा खड्डा दिसत नाही. पुढच्यानं ‘खड्डा!’ म्हणून ओरडलं तरच मागचा सीटवरून थोडा उचलला जातो, नाहीतर थेट मणक्यात बसतो. गिअर बदलताना दोघांनी पायातला जोर एकदम सोडावा लागतो, म्हणून ‘हलकं!’ गतिरोधक आला की ‘उठ!’ सुरुवातीला ‘एक, दोन’. बारा दिवस आमच्यात मुख्यतः याच शब्दांत संभाषण झालं. आणि हे सगळे शब्द तो बोलायचा. मी बोलायचा शब्द एकच होता, ‘थांब.’ तो विनंतीअर्जासारखा होता. पुढे जाऊन विचाराधीन व्हायचा.

तो : मी मोजलंय. आपण रोज सरासरी बावीस वेळा थांबलो. महाडात चवदार तळ्यापाशी चाळीस मिनिटं.

मी : तिथे चाळीस मिनिटंही कमीच. २० मार्च १९२७ ला त्या पायऱ्यांवर लोक नुसतं पाणी प्यायला उतरले होते. तू तिथे टायरची हवा बघत होतास.

तो : टायरमध्ये हवा कमी होती.

(हे असंच चालतं. वाचकांनी सवय करून घ्यावी.)

भोरपासूनच पोरं मागे लागायची. शाळा सुटलेली, दप्तरं पाठीवर, रस्त्याच्या कडेनं घोळका. टँडेम दिसली की आधी शांतता, मग एकच गलका. ‘डबल सायकल! डबल सायकल!’ आणि आम्ही पुढे गेलो की पाठीमागून हमखास, ‘काका, काकू पॅडल मारत नाहीत!’ एकदा एसटीच्या दारातून वाकून कंडक्टरनंही हेच सांगितलं, अगदी काळजीनं. आमच्या कॅप्टनचा हिशोब असा की हे वाक्य तेवीस वेळा आलं. गाव बदललं, बोली बदलली, वाक्य तेच. ‘काका पॅडल मारत नाहीत’ असं कुणी एकदाही म्हणालं नाही.

तो : गंमत म्हणून म्हणतात गं.

मी : गंमतच आहे. पण सगळ्यांना एकच गंमत कशी सुचते?

मला वाटतं, आमच्याकडे मागे बसणं म्हणजे डबलसीट. मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा डबलसीट जाणं गुन्हा होता. चौकाच्या अलीकडे उडी मारून उतरायचं, पोलिसासमोरून भोळ्या चेहऱ्यानं चालत जायचं आणि पलीकडे पुन्हा कॅरिअरवर बसायचं. कॅरिअरवरच्या बाईनं एकच काम करायचं, ओढणी चाकात जाऊ द्यायची नाही. त्यामुळे मागच्या सीटवरची बाई पाय हलवते आहे हे डोळ्यांना दिसलं तरी लोकांना पटत नाही.

तो : परदेशातही हाच विनोद करतात, मी वाचलंय. म्हणजे आपल्या कॅरिअरचा त्यात संबंध नाही. आणि टँडेमची शर्यत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत होती, हेही घाल.

मी : घातलं. आणि पॅरालिंपिकमध्ये अजून आहे. तिथे मागे अंध खेळाडू असतो. खेळाडू मागचा. पुढचा त्याचा वाटाड्या.

तो : हे तुला कधी कळलं?

मी : तू स्टोकरचा अर्थ सांगितलास त्या रात्री शोधलं.

पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, जवळजवळ समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर. आंबेनळी घाट. मधे प्रतापगडाच्या पायथ्याशी मुक्काम केला म्हणून निभावलं. या घाटाबद्दल आम्हा दोघांच्या आठवणी दोन वेगळ्या घाटांच्या वाटाव्यात इतक्या निराळ्या आहेत.

तो : वेग ताशी सहा किलोमीटर. त्याखाली गेलं की टँडेम डुलायला लागते. म्हणून थांबणं परवडत नाही. चढावर थांबलं की पुन्हा निघताना घाम फुटतो. मी दोन्ही पाय टेकून ब्रेक दाबून सायकल धरणार, तू चढून पॅडल जागेवर आणणार, मग एक, दोन, आणि पहिल्या फेरीतच दोघांचा जोर लागला नाही तर सायकल आडवी. म्हणून मी म्हणालो, पुढच्या वळणापर्यंत काढ.

मी : सात वेळा म्हणालास. पुढचं वळण आलं की त्याच्या पुढचं.

तो : पण वर पोचलीस ना?

मी : पोचले. माझ्या पोटरीत गोळा आला होता. तुझ्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता, डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. तुझा डावा खांदा चढावर खाली जातो हे तुला माहीत आहे? सव्वीस वर्षांत मला माहीत नव्हतं. आणि तुझा श्वास बदलला की मला तुझ्या आधी कळायचं की आता तू दमणार. मग मी जोर वाढवायचे. तुला वाटायचं चढ कमी झाला.

तो : …

मी : इथे तो गप्प बसलाय असं लिहिते.

तो : लिही. पण मला खरंच वाटलं होतं की चढ कमी झाला.

तापोळ्याचं भराभर उरकते. महाबळेश्वरहून खाली उतरलो, शिवसागराच्या काठी लाँचवर सायकल आडवी घातली आणि बामणोलीला निघालो. कोयनेच्या या पाण्याखाली गावं आहेत, लोक वरच्या डोंगरांवर सरकले किंवा पार दूर गेले. लाँचवर आम्ही दोघं पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसलो, पाय न हलवता. काही बोललो नाही. बामणोलीहून कास चढलो. फुलांचा हंगाम कधीच संपला होता, पठार पिवळट तपकिरी, गवत करकरीत वाळलेलं. तो म्हणाला, फुलं नसताना कासला काय बघायचं. मला ते तसंच आवडलं, पाहुणे गेल्यानंतरच्या घरासारखं. यावर वाद झाला नाही, कारण पुढे साताऱ्यापर्यंत उतार होता.

वाद झाला तो कऱ्हाडच्या पुढे, कोकरूडकडे जाताना. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. रस्ताभर उसानं भरलेल्या ट्रॉल्या, टायरगाड्या, डांबरावर चिपाडं आणि पाचट. आम्ही एका फडाच्या कडेला पाणी प्यायला थांबलो. बीडकडची टोळी होती. पुरुष ऊस तोडत होते, बायकाही तोडत होत्या, वर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेत होत्या. एक बाई मोळी बांधता बांधता सायकलकडे बघत होती.

‘दोघांची एकच गाडी व्हय?’

मी हो म्हणाले.

‘मागच्यालाबी पाय मारावं लागत्यात?’

पुन्हा पुन्हा ऐकलेल्या त्या वाक्यानंतर हा प्रश्न मला इतका बरा वाटला की मी पॅडल हातानं फिरवून सगळं दाखवलं. तिनं नीट पाहून घेतलं. मग विचारलं, ‘आन् मधीच उतरायचं आसंल तर?’

माझ्याआधी तोच बोलला. ‘मला सांगायचं, मी थांबवतो.’

ती हसली. मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीकडे गेली.

मी : ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. दोन माणसं, चार हात, आकडा एक. आणि हिशोब बहुतेक नवऱ्याशी होतो. ती आपली सायकल बघून काय समजली असेल ते मला बरोबर कळलं.

तो : मला नेमकं हेच पटत नाही. ती सायकलला हसली. आपण दोघं चकचकीत हेल्मेटं घालून, भारी सायकल घेऊन, हौसेनं पाय मारतोय. तिच्यावर उचल फेडायची आहे. आपल्याला वाटलं तर आपण कोल्हापुरात गाडीत बसून घरी येऊ. तू तिला तुझ्या भांडणात साक्षीदार म्हणून उभी करतेयस, आणि तिला ते विचारलंही नाहीयेस.

मी : मी तुलना केली नाही.

तो : केलीस. ‘दोन माणसं, आकडा एक’ हे तू आपल्याबद्दल म्हणालीस. तुला एक ब्रेक नाही म्हणून तू तिच्या रांगेत जाऊन बसलीस.

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, अजून नाही. तो परिच्छेद मी एकदा खोडला. मग परत घातला, कारण खोडला तर प्रश्न विचारणारी ती बाईही जाते, आणि बारा दिवसांत सायकलीबद्दल सगळ्यात बिनचूक प्रश्न तिनंच विचारला होता. तुलना माघारी घेते. प्रश्न ठेवते.

तो : चेनचं लिहिणार आहेस?

मी : ते तर लिहिणारच.

तो : मग तांत्रिक भाग मला सांगू दे. उत्तूरच्या पुढे, आजऱ्याच्या वाटेवर, डावीकडची टायमिंग चेन तुटली. जवळ जादा कडी होती ती उजव्या चेनची, अरुंद. डावी चेन रुंद असते, साध्या सायकलसारखी. बसेना. आजरा नऊ किलोमीटर.

मी : आणि टायमिंग चेन नसली की काय होतं?

तो : पुढची पॅडल नुसती फिरतात. कशालाच जोडलेली नसतात.

मी : आणि मागची?

तो : मागची चाकाला जोडलेली असतात.

मी : म्हणजे?

तो : म्हणजे सायकल फक्त मागच्या माणसाच्या पायांवर चालते. पहिल्या दिवसापासूनच तशी रचना आहे. माझा जोर आधी तुझ्या पॅडलपर्यंत यायचा आणि मग चाकाला जायचा.

हे वाक्य त्याच्याकडून काढायला मला आजऱ्यापर्यंतचे नऊ किलोमीटर लागले. चढ आला की दोघं उतरून ढकलत होतो. सपाटीवर मी एकटी पाय मारत होते, सामानासकट एकशे एकाहत्तर किलो, आणि तो हँडल धरून बसला होता. मांड्या पेटल्या होत्या. तरी मजा येत होती हे लपवत नाही. ‘हलकं’ म्हणायचं कारण नव्हतं, ‘एक, दोन’ नव्हतं. मी पाय थांबवले की सायकल मंदावायची. एका ओढ्यावरच्या पुलापाशी मी मुद्दाम थांबवले. पाण्याकाठी खंड्या बसला होता. पुढचा काही बोलला नाही.

तो : मी पाय कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं.

मी : गावातून जाताना तू ते फिरवत होतास.

तो : नाही.

मी : वाटेत एक वस्ती लागली, पारावर माणसं बसली होती. तिथे तू पाय फिरवत होतास. रिकामेच. वस्ती संपल्यावर थांबवलेस. मला काय दिसतं, सांग बरं? तुझी पाठ आणि तुझे पाय. तेवढंच दिसतं.

तो : लोक काय म्हणाले असते!

त्या दिवशी कुणीच काही म्हणालं नाही. एकच दिवस असा, की पुढचा माणूस खरोखर पॅडल मारत नव्हता, आणि रस्त्यावरच्या एकाही पोराच्या ते ध्यानात आलं नाही.

आजऱ्याच्या बाजारात सायकल दुरुस्तीवाला भेटला. त्यानं डब्यातून साध्या सायकलच्या चेनचा तुकडा काढला, चार कड्या कापल्या, हातोडीनं पिन ठोकली. वीस मिनिटं. पैसे इतके थोडे सांगितले की आम्हाला ओशाळं झालं. सायकलभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, ‘मागं ब्रेक न्हाई व्हय?’ मी काहीच बोलले नाही. मला बोलायची गरजच नव्हती.

आंबोलीत धुकं होतं. घाट उतरताना मी एकदाच ‘थांब’ म्हणाले, आणि तो थांबला. तबकड्या गार होत्या. दहा मिनिटं आम्ही कठड्याशी उभे राहिलो, खाली काहीच दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, ‘काय बघायचंय?’ मी म्हणाले, ‘काही नाही.’ मग सावंतवाडी.

तो : शेवट मी सांगू का?

मी : सांग.

तो : पुण्यात आल्यावर तिसरा ब्रेक बसवून घेतलाय. मागच्या चाकाला, लांब उतारावर तबकड्या तापू नयेत म्हणून. त्याची तार मागच्या हँडलला आहे, म्हणजे तो तुझ्या हातात. मी स्वतः बसवून घेतला. महिना झाला. आणि तू तो अजून एकदाही ओढलेला नाहीस.

मी : ओढलाय. दोनदा.

तो : कधी?

मी : परवा, खडकवासल्याच्या अलीकडे. तू म्हणालास, आज वारा समोरून आहे.